अण्णांची हद्दपारी

एम.ए.ला मी इतिहास घेतला, तेव्हा ग्रीस आणि रोमशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला 'आधुनिक महाराष्ट्र' हा पेपर हवा होता, कारण सगळ्यांना तोच हवा होता. पण ऐच्छिक पेपर निवडायच्या दिवशी नेमकं आमच्या पुंडलिकनगरात पाणी आलं. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सणासारखा प्रकार असतो. कधी येईल सांगता येत नाही आणि आलं की हातातलं सगळं टाकून पळावं लागतं. ड्रम, टाकी, बादल्या, कळश्या, शेवटी कुकरसुद्धा भरून मी मकई गेटातून विद्यापीठात पोचले, तोवर आधुनिक महाराष्ट्र भरून गेला होता. शेवटची उरलेली साडी दुकानदार पुढं सरकवतो तशा आवाजात खिडकीपलीकडच्या मॅडमनी विचारलं, "प्राचीन ग्रीस आणि रोम आहे शिल्लक. देऊ?"

"द्या," मी म्हटलं.

घरी सांगितलं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "ग्रीस? डेपोत डबेच्या डबे पडलेले असायचे. त्यात शिकायचं काय?"

अण्णांची सगळी नोकरी एस.टी.त झाली. ते वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून "जालनामार्गे परभणीकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे" असं जे कुणीतरी सांगत असतं, ते अनेक वर्षं आमचे अण्णा होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर त्यांना हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा, भोंग्यासकट एक माईक दिला. गमतीनं दिला असणार. अण्णांनी तो गमतीनं घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमची गल्ली हेच त्यांचं बसस्थानक झालं.

"गल्लीतील सर्व रहिवाशांनी लक्ष द्यावे. पाणी आलेले आहे. नळाला मोटार लावणाऱ्यांनी थोडी लाज बाळगावी." हे एक. घंटागाडी आली की, "ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. वांग्याची देठं ओल्यात येतात, काल कुणाची तरी सुक्यात होती." हे दुसरं. गणपतीची आरती ठरलेल्या वेळेला सुरू व्हायची, मग मंडपात एकटे अण्णा असले तरी. स्कूटर तिरकी लावलेली दिसली की ते ती स्वतः सरळ करायचे आणि मालकाला बोलावून सरळ म्हणजे काय ते दाखवायचे. गल्लीच्या समितीचे ते पहिल्यापासून अध्यक्ष, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं.

एक सांगायला हवं. अण्णांनी गल्लीसाठी केलं पुष्कळ. पाण्याची नवी लाईन यावी म्हणून महापालिकेत चपला झिजवल्या. टँकर आला की स्वतःची बादली सगळ्यात शेवटी लावायचे. कुणाच्या घरात आजारपण निघालं की रिक्षा बोलवायला आधी अण्णा. त्यांच्या वागण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि गल्लीला नेमका त्याचाच त्रास व्हायचा. अण्णा दिसले की माणसं कारण नसताना शर्टाची बटणं तपासायची.

त्यांचा हाडवैरी म्हणावा असा एकच माणूस होता: कोपऱ्यावरच्या घरातले काका. ते नळाला बिनदिक्कत मोटार लावायचे. अण्णा माईक घेऊन त्यांच्या फाटकापाशी उभे राहिले की ते हसत बाहेर यायचे, "या अण्णा, चहा घ्या," म्हणायचे, आणि आत मोटार चालूच असायची. पण त्यांच्याकडं बोअरही होतं आणि उन्हाळ्यात गल्लीतलं कुणीही तिथून हंडा भरून नेला तरी ते काही बोलायचे नाहीत. त्यामुळं अण्णांना वाटायचं तेवढे ते गल्लीला वाईट वाटत नव्हते. हे अण्णांच्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या ग्रीस-रोमच्या वर्गात मोजकीच टाळकी होती. त्यातली एक माझी मैत्रीण झाली. ती वेरूळची, होस्टेलला राहणारी. लेण्यांच्या सावलीत वाढल्यामुळं तिला जुन्या गोष्टींचं काही विशेष वाटायचं नाही. ग्रीक मंदिराचे खांब फळ्यावर काढून सर कौतुकानं सांगायला लागले की ती हळूच म्हणायची, "एकावर एक दगडच ठेवलेत ना? आमच्याकडं तर वरून खाली कोरलंय."

सर पैठणच्या बाजूचे. ग्रीस आणि रोम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण बोलायचे असे की परवाच तिथं मयतीला जाऊन आलेत. "अथेन्स म्हंजे लई मोठं काही समजू नका," ते म्हणायचे. "तालुक्याचं गाव समजा. भांडणं तालुक्याच्या गावासारखीच. तिथल्या सगळ्या नावांना शेवटी 'स' लागतो एवढंच, त्यानं घाबरायचं नाय." आणि रोमबद्दल, "रोम लांब नाय. पैठणला गाड्या जातात. सातवाहनांच्या काळात आपला माल तिकडं जायचा आन् त्यांचा पैसा इकडं यायचा."

त्याच सरांनी एके दिवशी एका फुटक्या कुंडीचा तुकडा खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"खापर," आम्ही म्हणालो.

"बरोबर. ग्रीक माणूस ह्याला ऑस्ट्राकॉन म्हणायचा. अथेन्समध्ये कुणी माणूस फार वरचढ व्हायला लागला, लोकांना त्याची भीती वाटायला लागली, की सगळे नागरिक जमायचे. प्रत्येकानं एका खापरावर एक नाव लिहायचं. ज्याचं नाव जास्त खापरांवर, त्यानं दहा वर्षं गाव सोडायचं. गुन्हा नाय, खटला नाय, शिक्षा नाय. घरदार, जमीन शाबूत. फक्त निघायचं. आपल्याकडं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतात, तिथं त्याच्यावर नाव लिहायचे."

वेरूळची मैत्रीण म्हणाली, "सर, बायकांना लिहिता यायचं का खापरावर?"

"नाय. बायकांना मत नव्हतं. गुलामांना नव्हतं. बाहेरून येऊन राहिलेल्यांनाही नव्हतं."

"म्हंजे अर्ध्याहून जास्त गाव घरीच. आणि लोकशाही म्हणे."

सरांना असे प्रश्न आवडायचे. त्यांनी तिला फळ्याजवळ बोलावून तेच वाक्य फळ्यावर लिहायला लावलं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अथेन्समध्ये एक मोठा सज्जन पुढारी होता, इतका की सगळे त्याला 'न्यायी' म्हणायचे. हद्दपारीच्या दिवशी एक अडाणी खेडूत खापर घेऊन त्याच्याजवळ आला. हा कोण ते त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, एवढं नाव लिहून दे. आणि नाव सांगितलं ते ह्याचंच. पुढाऱ्यानं विचारलं, त्या माणसानं तुझं काय वाकडं केलंय? खेडूत म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतसुद्धा नाही, पण जिथं जावं तिथं तो न्यायी, तो न्यायी ऐकून कंटाळलोय. पुढाऱ्यानं काही न बोलता स्वतःचं नाव लिहून खापर परत दिलं. आणि गेला हद्दपार.

तास संपताना सरांनी आम्हालाही खापरं वाटली आणि वर्गातून कुणालाही हद्दपार करायची मुभा दिली. आम्ही जवळजवळ एकमतानं प्रोजेक्टरला हद्दपार केलं. तो सुरू झालेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

हे सगळं मी संध्याकाळच्या चहाला घरी सांगितलं. सज्जन पुढाऱ्याची गोष्ट सांगायच्या आत अण्णांनी कप खाली ठेवला होता.

"दहा वर्षं?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"आन् भांडण नाय, पोलीस नाय, काही नाय?"

"काही नाही."

अण्णा उठून खिडकीशी गेले. खिडकीतून कोपऱ्यावरचं घर दिसायचं. तिथं मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"आपण करू हे गल्लीत," ते म्हणाले. "दहा वर्षं लई होतात. एक वर्ष. ज्याचं नाव जास्त येईल त्यानं वर्षभर गल्लीच्या कारभारात पडायचं नाय. मीटिंगला बोलायचं नाय. कुठलं पद नाय."

"अहो, कशाला उगाच," आई म्हणाली.

"लोकांना ठरवू दे की. लोकशाही हाय."

येत्या रविवारी मीटिंग ठरली. माईकवरून तशी घोषणा झाली, ग्रीसचा उल्लेख करून. नियम अण्णांनी स्वतः केले. गल्लीतल्या कुठल्याही मोठ्या माणसाचं नाव लिहिता येईल. निकाल जो येईल तो तक्रार न करता मान्य करायचा. आणि एका घराला एक खापर.

हा शेवटचा नियम ऐकून मी म्हटलं, "अण्णा, हीच तर अथेन्सची चूक. बायकांचं काय?"

"घरात बोलून ठरवतील की."

तोवर समोरच्या काकू फाटकाशी आल्याच होत्या. या काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात समोरच्या भिंतीवर संविधानाच्या उद्देशिकेची तसबीर आहे आणि ती त्यांना तोंडपाठ आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, घटनेनं मला एक मत दिलंय. माझ्या मालकांच्या मतात अर्धं नाही, माझं वेगळं. तुमच्या खापराला घटनेपेक्षा जास्त कळतं का?"

अण्णांनी तिथल्या तिथं नियम बदलला. त्यांचा हा मोठेपणा होताच. मोठ्या प्रत्येक माणसाला एक खापर. मला फार अभिमान वाटला. अथेन्सला जमलं नाही ते आमच्या गल्लीनं फाटकाशी उभ्या उभ्या करून टाकलं.

आता एवढी खापरं आणायची कुठून? अण्णा आणि मी गुलमंडीला गेलो. बाजाराच्या पुढं रस्त्याच्या कडेला एक माठवाले बसतात. अण्णांनी त्यांना विचारलं, "फुटलेले माठ आहेत का?"

"फुटेला कायकू, चाचा? अच्छेवाले हैं ना. ये देखो, बजा के देखो." माठवाल्यांनी एका माठावर बोटं वाजवून दाखवली.

"अच्छा नको. फुटलेलाच होना."

"लेकिन पानी कैसा रहता उसमें?"

"पानी नहीं रखना. चुनाव करना है."

माठवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी मागच्या बाजूला पडलेलं फुटक्या माठांचं एक पोतं काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही निघताना शेजारच्या दुकानदाराला म्हणाले, "आजकल वोटिंग मशीन पे किसीका भरोसा नहीं रहा, भाई."

रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर सतरंजी घातली. पोहे झाले, चहा झाला. लोक एरवीच्या मीटिंगला यायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त आले. सासवा आल्या, सुना आल्या, नुकतीच कॉलेजला लागलेली पोरं आली. मी धुऊन कोरडी केलेली खापरं आणि खडू वाटले. मधोमध एक रिकामा ड्रम ठेवला होता. अण्णांनी माईकवर ग्रीसचा इतिहास सांगितला. त्यात थोडी एस.टी. मिसळली होती, पण एकंदरीत बरोबर होता. ते फार खुशीत होते. मधूनमधून कोपऱ्यावरच्या काकांकडं बघायचे. काका पोह्यांची दुसरी प्लेट खात होते.

सगळे आडोशाला जाऊन, पाठमोरे होऊन लिहायला लागले. मी ड्रमपाशी उभी होते. समोरच्या काकू माझ्याकडं आल्या आणि खापर-खडू माझ्या हातात देऊन हळूच म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला बाई. तू लिही."

"सांगा काकू, कुणाचं?"

"तुझ्या वडिलांचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अण्णांचं?"

"व्हय."

"पण काकू, अण्णांनी काय केलंय?"

"काही केलं नाही गं. लई चांगला माणूस. असा शोधून सापडणार नाही." काकूंनी एकदा मागं वळून पाहिलं. "पण सारखं चांगलं, सारखं चांगलं. माझ्याच्यानं आता नाही होत. परवा माझ्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात संत्र्याच्या सालीला चिकटलेलं स्टिकर सापडलं म्हणून मला माईकवर सांगितलं. मी पोरं शिकवलीत आयुष्यभर, मला कुणी माईकवर शिकवलेलं नाही. एक वर्ष, एकच वर्ष मला चुकायचंय."

मला हसू आवरेना, पण खडू पुढं सरकेना. सरांनी सांगितलेली गोष्ट अशी आमच्या सतरंजीवर येऊन बसेल असं कुणाला वाटलं असतं? त्या सज्जन पुढाऱ्यानं लिहून दिलं होतं. मीही लिहिलं. अण्णांचं नाव खापरावर चांगलं उमटलं. काकूंनी ते हातभर लांब धरून पाहिलं, "अक्षर सुरेख आहे तुझं," म्हणाल्या आणि ड्रममध्ये टाकलं.

मोजणी अण्णांनीच करायची ठरली होती, कारण तेवढा विश्वासाचा दुसरा माणूस गल्लीत नव्हता. त्यांनी ड्रममध्ये हात घातला, पहिलं खापर काढलं आणि माईक तोंडाशी नेला.

पहिल्यावर कोपऱ्यावरचे काका होते. अण्णांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. दुसऱ्यावर ते स्वतः होते. एक क्षण थांबून त्यांनी तेही वाचलं, स्वतःचं नाव, आडनावासकट. लोक थोडे हसले. तिसऱ्यावर पुन्हा ते. चौथ्यावर कुणीतरी गल्लीतल्या भुंकणाऱ्या कुत्र्याचं नाव लिहिलं होतं, ते बाद. मग पुन्हा अण्णा. पुन्हा अण्णा. एका खापरावर नुसतंच 'माईक' असं लिहिलं होतं.

"हे कुणात धरायचं?" अण्णांनी विचारलं. त्यांनी खापर उलटं करून पाहिलं. "माझ्यातच धरू," ते म्हणाले.

मला वाटत होतं ते थांबतील. म्हणतील की गंमत पुरे झाली. पण जन्मभर गाड्या पुकारलेला माणूस तो. गाडी आपल्याला आवडो न आवडो, लागली की सांगायची. प्रत्येक खापर त्यांनी त्याच आवाजात वाचलं, आवाज एकदाही पडू दिला नाही. शेवटी शेवटी हसणंही बंद झालं. पोह्यांची प्लेट खाली ठेवून कोपऱ्यावरचे काका उठून उभे राहिले होते, आणि त्यांचाच चेहरा सगळ्यात पडलेला होता.

"निकाल स्पष्ट आहे," अण्णा म्हणाले. "नियमानुसार मी एक वर्षासाठी बाहेर. पुढचा अध्यक्ष तुम्ही ठरवा. धन्यवाद." मग त्यांनी माईक बंद केला, रुमालानं पुसला आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. ते नेमके कोपऱ्यावरचे काका होते.

घरी आल्यावर अण्णा पलंगावर बसले. आईनं पाणी दिलं.

"एवढे लोक," अण्णा म्हणाले. "मला वाटलं होतं चार-दोन असतील."

"मी पण तुमचंच लिहिलं," आई म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात जायला निघाले, पण दारातच थांबले.

"तू?"

"हो. मग काय करू? नोकरीत होतात तेव्हा घरी नव्हतात. निवृत्त झालात तर गल्लीत. जेवणाचं ताट वाढलं की बाहेर कुणाची तरी स्कूटर तिरकी असते. म्हटलं वर्षभर तरी गरम जेवाल. आणि मला काय ठाऊक एवढ्या बायका तुमचंच लिहितील. मला वाटलं माझं एकटीचं असेल."

अण्णांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले तर ते हसत होते. "नियम मीच बदलला," ते म्हणाले, "बायकांचा." आणि पुन्हा हसायला लागले. डोळ्यांत पाणी होतं. ते नुसतं हसण्याचं होतं असं मी म्हणणार नाही.

हद्दपारी अण्णांनी अक्षरशः पाळली. पुढच्या खेपेला पाणी आलं तेव्हा ते अंगणात बसले होते. नळाचा आवाज त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा. ते खुर्चीत ताठ झाले, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"अहो, सांगा की लोकांना," आई बादल्या उचलत म्हणाली.

"हद्दपार माणसानं बोलू नये."

गल्लीला उशिरा कळलं. माईक हाती आला म्हणून लोकांनी अध्यक्ष केलेले कोपऱ्यावरचे काका झोपले होते.

पण दोन्ही वेळा गरम जेवूनही अण्णांची तब्येत उतरायला लागली. ते पेपर वाचायचे, घडी घालायचे, पुन्हा उघडायचे. आमच्या घरातले डबे उंचीनुसार लावून झाले. आई माझ्याकडं असं बघायला लागली की जणू अथेन्स मीच वसवलं होतं. एके सकाळी मी म्हटलं, "अण्णा, चला माझ्याबरोबर विद्यापीठात. तुम्हाला ज्यानं घरी बसवलं ते काय आहे, बघा तरी."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी सरांना घाबरत घाबरत विचारलं, वडील बसले तर चालेल का. सरांना मी सगळी हकिगत आधीच सांगितली होती. ते वर्गाच्या दारापर्यंत आले आणि अण्णांना हात जोडून म्हणाले, "या. हद्दपार झालेला खरा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. इतके दिवस नुसतं शिकवत होतो."

सुदैवानं त्या आठवड्यात ग्रीस संपून रोम सुरू झालं होतं. सरांनी रोमन रस्त्यांचा विषय काढला. सैन्य कसं चालायचं, रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड कसे असायचे, टप्प्याटप्प्यावर घोडे बदलायची सोय कशी होती. अण्णा शेवटच्या बाकावरून हळूहळू पुढं झुकायला लागले. मग त्यांनी हात वर केला.

"सर, निघायची वेळ ठरलेली होती का?"

"कुणाची?"

"गाडीची. घोड्याची. म्हंजे टपाल ठरल्या वेळेला सुटायचं, का आलं की सुटायचं?"

सरांनी थोडा विचार केला. "हे मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी शोधून सांगतो."

अण्णा घरी येईपर्यंत रिक्षातून रस्त्याकडेचे दगड बघत होते. घरात शिरताच आईला म्हणाले, "रोमवाले लई शिस्तीचे होते."

त्यानंतर माझी एखादी दांडी झाली, पण अण्णांची नाही. रोमनं डोंगरातून पाणी शहरात कसं आणलं हा भाग आला, तेव्हा सरांनी सगळ्या वर्गाला पाणचक्कीला नेलं आणि आपल्या शहराच्या जुन्या पाणीयोजनेबद्दल, नहर-ए-अंबरीबद्दल सांगितलं. रोममध्ये मोठमोठ्या कमानींवरून, इथं जमिनीखालून. अण्णा हौदाच्या काठाला हात लावून उभे राहिले. "म्हंजे शेकडो वर्षांपूर्वी ह्या शहरात पाणी यायचं," ते हळूच म्हणाले. "रोज." वेरूळच्या मैत्रिणीनं त्यांना आपल्या डब्यातलं थालीपीठ दिलं. तिला माझ्यापेक्षा अण्णांशीच बोलायला जास्त आवडायला लागलं होतं. दोघं मिळून सरांना अडचणीत आणणारे प्रश्न काढायचे.

इकडं गल्लीत सगळा आनंद होता. स्कूटरी हव्या तशा लागायच्या. घंटागाडीवाल्यानं मिसळलेला कचरा घेणं बंद केलं, म्हणून फाटकाफाटकाशी डबे साचले. टँकरवरून दोन घरांत भांडण झालं, ते मिटवायला गेलेल्या कोपऱ्यावरच्या काकांनी दोघांनाही चहा पाजला आणि भांडण तसंच राहिलं. माईकचे सेल संपले होते. ते कुठले घालायचे हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग एका दुपारी शिष्टमंडळ आलं. समोरच्या काकू पुढं, कोपऱ्यावरचे काका मागं, आणखी पाच-सहा जण. अण्णा खाटेवर पुस्तकं पसरून बसले होते.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "झालं ते झालं. परत या. तुमच्या अथेन्समध्ये पण माणसाला मुदतीच्या आधी बोलावून घ्यायचे म्हणे."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "खरंय," मी म्हटलं. "त्या न्यायी पुढाऱ्यालाही बोलावलं होतं. लढाई आली होती."

"आमच्याकडं पण आलीय," कोपऱ्यावरचे काका काकुळतीला येऊन म्हणाले. "अण्णा, मी मोटार काढून टाकतो. आईशप्पथ. पण हे माझ्याकडून घ्या." त्यांनी माईक पुढं केला.

अण्णांनी माईक हातात घेतला, उलटा करून सेलचं झाकण उघडलं, कुठले सेल लागतात ते सांगितलं आणि परत दिला.

"ह्या काकूंकडं द्या," ते म्हणाले. "त्यांनी वर्ग सांभाळलेत. मला आता जमायचं नाय. पुढच्या आठवड्यात रोमचं साम्राज्य मोडायला लागतंय, सर म्हणाले. ते चुकवून कसं चालेल?"

काकूंनी आधी आढेवेढे घेतले, मग माईक घेतला. त्या फार कमी बोलतात. पाणी आलं की "पाणी" एवढंच म्हणतात. गल्लीचं बरं चाललंय. मोटार काकांनी खरंच काढली. पुन्हा बसवली असेल तर अण्णांना ते ऐकू आलेलं नाही, किंवा आलं असलं तरी ते बोललेले नाहीत.

परीक्षेनंतर सरांनी पैठणची सहल ठेवली. अण्णा म्हणाले, आईलाही न्यायचं. आई आधी नको नको म्हणाली, मग ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी तयार झाली. बसमध्ये अण्णांनी तिला खिडकी दिली. गाडी उशिरा सुटली. मी अण्णांकडं पाहत होते, पण ते आईला शेंगा सोलून देत होते.

तिथल्या संग्रहालयात सर एका काचेच्या पेटीपाशी थांबले. आत मातीची लहानशी गोल पदकं होती, वरच्या बाजूला दोरा ओवायला भोक. रोमची सोन्याची नाणी इकडं यायची, सरांनी सांगितलं, आणि ज्यांना ती परवडत नव्हती ते तसाच छाप मारलेली मातीची पदकं करून गळ्यात घालायचे. वर्ग वाकून वाकून बघत होता. अण्णा वहीत टिपून घेत होते.

आई काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती.

"म्हंजे एक ग्रॅमवालं सोनं तेव्हापण होतंच तर," ती म्हणाली.

सर वळले. "बाई, काय म्हणालात?"

"एक ग्रॅमवालं. लग्नाबिग्नात घालायचं. लांबून कळत नाही." तिनं गळ्यातली माळ थोडी वर उचलून सरांना दाखवली. "हे बघा. गुलमंडीचं आहे."

सर हसत सुटले, वेरूळची मैत्रीण हसत सुटली, आणि अण्णांनी पेन थांबवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिल्यासारखं, आईच्या गळ्यातल्या त्या माळेकडं पाहिलं.

"मला तर ते खरं सोनंच वाटत होतं," ते म्हणाले.